अस्सलपणाचा दाखला

साहित्याची आणि कलेची समीक्षा नियतकालिकांच्या पानांवर होते, अशी आपली समजूत आहे. कलावंत कोण, कला कोणती, परंपरा कोणाची या प्रश्नांची उत्तरे प्राध्यापक, संपादक आणि संमेलनांचे अध्यक्ष देत असतात असे आपण धरून चालतो आणि त्यांच्याशीच आपला वाद चालतो. परंतु जगात आज अशीही एक समीक्षा चालते की जिच्यावर सरकारी शिक्का असतो. तिचा निकाल विरुद्ध गेला तर पुस्तक कपाटात पडून राहत नाही, माणूस विमानतळाच्या अलीकडे राहतो. अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यात परदेशी कलावंत, खेळाडू व रंजनकारांसाठी तात्पुरत्या कामाचे जे व्हिसे आहेत, त्यांच्या नियमांविषयी मी हे म्हणतो आहे. ‘ओ’ आणि ‘पी’ या अक्षरांनी ते ओळखले जातात. हे नियम वकील वाचतात, दलाल वाचतात, कार्यक्रमांचे ठेकेदार वाचतात. मी ते साहित्याचा विद्यार्थी म्हणून वाचले. ती एक सौंदर्यशास्त्राची संहिता आहे आणि तिची चिकित्सा व्हावयास हवी, असे माझे मत झाले आहे.

या संहितेचे मूळ जुने आहे. १८८५ साली अमेरिकेने परदेशातून कराराने मजूर आणण्यास बंदी करणारा कायदा केला. त्यातून व्यावसायिक नट, कलावंत, व्याख्याते आणि गायक यांना सूट दिली आणि त्याच कलमात, त्याच दमात, खाजगी व घरगुती नोकरांनाही सूट दिली. ही सोबत मला फार बोलकी वाटते. जो धन्याची सेवा करतो तो मजूर नव्हे आणि जो धन्याचे रंजन करतो तोही मजूर नव्हे! आपल्या गावगाड्यात तरी दुसरे काय होते? मेलेले ढोर ओढणारा, सांगावा घेऊन धावणारा, लग्नात आणि मयतीत हलगी कडाडविणारा यांपैकी कोणालाही मजूर म्हटले जात नव्हते. मजूर म्हटले तर मजुरी द्यावी लागते. म्हणून त्याच्या श्रमाला ‘बलुते’ म्हटले, ‘मान’ म्हटले, ‘हक्क’ म्हटले आणि शिळ्या भाकरीवर त्याची बोळवण केली. १९१७ साली आशियाच्या मोठ्या भूभागातील लोकांना प्रवेश नाकारणारा कायदा तेथे झाला. हिंदुस्थान त्या भूभागात होता. पंजाबातून जाणाऱ्या कष्टकऱ्याला दार बंद झाले. विद्यार्थी, लेखक, कलावंत, व्यापारी यांना ते किलकिले राहिले. कलावंत म्हणजे मजूर नसलेला माणूस, ही व्याख्या अशी कायद्यात मुरत गेली.

१९५२ च्या कायद्याने ‘विशेष गुणवत्ता आणि योग्यता’ असलेल्यांसाठी एक वर्ग केला आणि पुष्कळ वर्षे कलावंत त्यातूनच जात राहिले. १९९० साली तो मोडून नवी मांडणी झाली. ‘ओ-१’ हा असाधारण योग्यतेच्या व्यक्तीसाठी. ‘पी-१’ आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या खेळाडूंसाठी व रंजन करणाऱ्या समूहांसाठी. ‘पी-२’ दोन देशांतील संस्थांनी आपसांत केलेल्या देवाणघेवाणीसाठी. आणि ‘पी-३’ सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य अशा कार्यक्रमातून आपली कला सादर करणाऱ्या, शिकविणाऱ्या कलावंतांसाठी. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो हा शेवटचा वर्ग.

‘ओ-१’ मध्ये व्यक्ती आहे. तिचे नाव, तिची पारितोषिके, तिच्यावर छापून आलेले लेख, तिचे मानधन. ‘पी-३’ मध्ये संस्कृती आहे आणि कलावंत त्या संस्कृतीचा प्रतिनिधी आहे. अमुक देशाच्या माणसाने अमुक वर्गात यावे, असे कायद्यात कोठेही लिहिलेले नाही. लावणी गाणारी बाईसुद्धा ‘ओ-१’ साठी अर्ज करू शकते. तिला कोणी अडविलेले नाही. पण पुरावे काय मागितले आहेत ते पाहा, म्हणजे कोणाचे पाऊल कोणत्या दाराकडे वळणार हे आपोआप कळते.

हा भेद मराठी वाचकाला नवा नाही. दलित आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने काय म्हटले होते? हे समाजशास्त्रीय दस्तऐवज आहेत, म्हटले. दाहक आहेत, अस्सल आहेत, पण त्यांत ‘वाङ्मयीन मूल्य’ किती, असा प्रश्न जोडीला ठेवला. पुण्या-मुंबईचा कवी स्वतःविषयी लिहितो तेव्हा ती व्यक्तीची अनुभूती होते; महारवाड्यातला कवी लिहितो तेव्हा तो समाजाचा पुरावा होतो. एकाला प्रतिभा, दुसऱ्याला प्रातिनिधिकता. वॉशिंग्टनच्या कायदेपंडितांनी आपली समीक्षा वाचली असण्याचा संभव नाही. तरीही दोन्ही ठिकाणी मोजपट्टी एकच निघते, याचे कारण दोन्ही ठिकाणी मोजणारा माणूस स्वतःला परंपरेच्या बाहेर, उंचावर उभा आहे असे समजतो.

पुराव्यांची यादी पाहू. कलाक्षेत्रातील ‘ओ-१’ साठी ऑस्कर, एमी, ग्रॅमी अशा तोलाचे पारितोषिक किंवा नामांकन हवे. ते नसेल तर सहापैकी किमान तीन प्रकारचे पुरावे हवेत. नामांकित निर्मितीत प्रमुख भूमिका; मोठी वृत्तपत्रे व नियतकालिके यांतील समीक्षणे; नामांकित संस्थांसाठी केलेले महत्त्वाचे काम; तिकीटविक्रीतून वा जाणकारांच्या पसंतीतून दिसणारे यश; संस्था, समीक्षक, सरकार यांनी केलेला गौरव; आणि इतरांहून अधिक मानधन. क्षणभर अशी कल्पना करा की विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा अर्ज या मेजावर आलेला आहे. सरकारी गौरव? आहे, राष्ट्रपतींच्या हस्ते झालेला आहे. प्रमुख भूमिका? ज्या फडाला तिचेच नाव होते, त्यात दुसरी कोणती असणार? पण ‘नामांकित निर्मिती’ हे सिद्ध कशाने करावयाचे? समीक्षणांनी. कोणत्या समीक्षणांनी? ज्या काळात तिच्या नावावर कनाती फाटेपर्यंत गर्दी होत होती त्या काळातील वृत्तपत्रे काढून पाहा. नाट्यसंगीताच्या प्रत्येक प्रयोगावर रकाने भरलेले आढळतील. तमाशाविषयी आढळेल ते बहुतेक अश्लीलतेची चर्चा आणि हाणामाऱ्यांच्या बातम्या. कनातीच्या दारावर गोळा झालेल्या गल्ल्याचा हिशेब कोणाच्या वहीत गेला? आणि अधिक मानधनाचा मुद्दा तर बोलूच नये. हयातीच्या अखेरीस तिची जी परवड झाली ती महाराष्ट्राला ठाऊक आहे. कायदा एवढे मात्र म्हणतो की नेमके हे पुरावे लागू होत नसतील तर त्यांच्या तोडीचे दुसरे पुरावे द्या. फट आहे. पण तोडीचे म्हणजे कोणाच्या तोडीचे, हे ठरविणारा पुन्हा अधिकारीच.

वामनदादा कर्डकांची गोष्ट याहूनही अवघड. अक्षरओळख मोठेपणी झालेला हा माणूस (१९२२–२००४) गावोगाव गात फिरला. त्याची गाणी माणसांच्या तोंडात राहिली, भीमजयंतीच्या भोंग्यांतून वाजली, कॅसेटांच्या प्रतींच्या प्रती निघाल्या आणि त्यांवर पुष्कळदा कवीचे नावही नव्हते. लोकांनी एखादे गाणे इतके आपले करावे की गाणाराचे नाव गळून जावे, यापेक्षा मोठी मान्यता कवीला कोणती हवी? परंतु ही मान्यता कागदावर येत नाही आणि कागदावर न आलेली मान्यता सरकारी मेजावर शून्य ठरते. येथे समीक्षेच्या मौनाचा एक वेगळाच परिणाम दिसतो. वृत्तपत्राने दुर्लक्ष केले तर कलावंताचे काही बिघडत नाही, लोक त्याच्या पाठीशी असतात, असे आपण आजवर अभिमानाने म्हणत आलो. आता बिघडते. ते दुर्लक्ष पुराव्याचा अभाव म्हणून नोंदले जाते.

म्हणजे आपल्या माणसासाठी उरतो तो ‘पी-३’. या वर्गातील ‘सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य’ या शब्दांची व्याख्या नियमांत दिलेली आहे. एखाद्या देशाला, राष्ट्राला, समाजाला, वर्गाला, वंशाला, धर्माला, टोळीला अथवा अन्य जनसमूहाला अनन्य असलेली कलेची शैली, पद्धती वा माध्यम, असा तिचा आशय आहे. ही यादी मी अनेकदा वाचली. वर्ग आहे, वंश आहे, धर्म आहे, टोळी आहे, जात नाही. ‘अन्य जनसमूह’ या दोन शब्दांत ती बसविता येईल, हे खरे. पण आपल्या देशात कलेची जितकी काटेकोर वाटणी जातीने केली तितकी दुसऱ्या कशानेही केलेली नाही. हलगी कोणाची, सनई कोणाची, संबळ कोणाचा, गोंधळ कोणाचा, कोल्हाट्याच्या दोरीवर कोणाची पोर चढावयाची हे ठरलेले होते आणि ते आवडीने ठरलेले नव्हते. कलेची अनन्यता ही येथे सक्तीची अनन्यता होती.

या अनन्यतेला दाखला लागतो. मान्यवर तज्ज्ञाने प्रतिज्ञापत्र किंवा पत्र लिहून द्यावे की या कलावंताचे कौशल्य अस्सल आहे; नाहीतर छापील समीक्षणे द्यावीत. शिवाय सर्व कार्यक्रम सांस्कृतिकदृष्ट्या अनन्य असतील, हेही दाखवावे लागते. काही वर्षांपूर्वी परदेशात राहणाऱ्या आपल्याच मराठी माणसांच्या एका मंडळाने हलगीवादकांचा एक ताफा बोलविण्याचे ठरविले आणि असे पत्र लिहून देण्यासाठी माझ्याकडे विचारणा केली. सोबत पत्राचा मसुदाही पाठविला. मी फक्त सही करावयाची होती. ही कला शतकानुशतके अखंड चालत आलेली आहे, ती ग्रामदैवतांच्या सेवेतून जन्मली आहे, ग्रामीण समाजाने ती भक्तिभावाने जपली आहे, असे त्यात लिहिले होते. वाजविणाऱ्यांची जात त्या दोन पानांत कोठेही नव्हती. ताफ्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात शेवटी बाबासाहेबांवरची तीन गाणी असतात. ती या वेळी घेऊ नयेत, कारण ती ‘पारंपरिक’ नाहीत आणि व्हिसाला अडचण येईल, असे मंडळाच्या चिटणीसांनी मला दूरध्वनीवर सांगितले.

मी माझे पत्र लिहिले. हे वाद्य मांग-महारांच्या हाती गावाने दिले, त्यांच्याकडून ते वेठीने वाजवून घेतले. पुढे बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन अनेकांनी गावकीच्या इतर कामांबरोबर ते खाली ठेवले. आणि नंतर काहींनी तेच वाद्य स्वतःच्या सभेसाठी, स्वतःच्या मिरवणुकीसाठी, स्वतःच्या मर्जीने पुन्हा उचलले. या तिन्ही गोष्टी मी लिहिल्या आणि या ताफ्याची अनन्यता तिसऱ्या गोष्टीत आहे, असे म्हटले. ताफा गेला. माझे पत्र गेले नाही. दुसरे तज्ज्ञ मिळाले.

या प्रकरणात अमेरिकेच्या कायद्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे होणार नाही. भीमगीते गाळा असे त्या कायद्याने सांगितलेले नव्हते. परंपरेचा जो अर्थ मंडळाने लावला तो सदाशिव पेठेतून सोबत नेलेला होता. कायदा फक्त विचारतो की तुमचे अनन्य ते काय. उत्तर देणारा मध्यस्थ ज्या जातीचा, त्या जातीला सोयीचे ते अनन्य ठरते. तेथे यजमानाच्या नावाने अर्ज होतो, कलावंताच्या नावाने नव्हे. तज्ज्ञ यजमान निवडतो. कार्यक्रमाची यादी यजमान जोडतो. हे सारे कलावंताच्या पाठीमागे, त्याला न येणाऱ्या भाषेत होते.

आणि कायद्याचा अर्थही आता पूर्वीसारखा अरुंद राहिलेला नाही. २००९ साली लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल कल्चरल सेंटरने अर्जेंटिनातील एका यहुदी वाद्यवृंदाला बोलाविले. पूर्व युरोपातील यहुद्यांचे क्लेझ्मर संगीत आणि लॅटिन अमेरिकेचे ताल यांचा मिलाफ हे त्या वाद्यवृंदाचे वैशिष्ट्य. अधिकाऱ्यांनी ‘पी-३’ नाकारला. कारण दिले ते असे, की हे संगीत संकरित आहे, सबब ते कोणा एका समूहाला अनन्य मानता येत नाही. संकर! हा शब्द ज्यांच्या देशात मनुस्मृती जाळावी लागली त्यांच्या कानाला कसा लागतो, ते निराळे सांगावयास नको. शुद्ध ते अस्सल, मिसळले ते भ्रष्ट, हा विचार केवळ आपल्या धर्मशास्त्रांचा नाही तर. पुढे हे प्रकरण वरिष्ठ अपील कार्यालयापुढे गेले. २०१२ साली त्याने खालचा निर्णय फिरविला आणि तो निकाल पुढील प्रकरणांना बंधनकारक म्हणून प्रसिद्ध केला. अनन्य शैली म्हणजे केवळ प्राचीन आणि पारंपरिक शैली नव्हे. दोन परंपरांच्या मिलाफातून एखाद्या जनसमूहात घडलेली नवी शैलीही अनन्य असू शकते, असा त्याचा मथितार्थ आहे. वाद्यवृंदाचा ठरलेला कार्यक्रम तोवर केव्हाच हुकला होता.

हा निकाल आपल्या लोकांनी नीट वाचावयास हवा, असे मला वाटते. आंबेडकरी जलसा म्हणजे काय आहे? भीमराव कर्डकांसारख्यांनी सत्यशोधक जलशाकडून आणि तमाशाच्या गण-गवळणीकडून आकृती घेतली, तिच्यातला देव काढला आणि तेथे माणूस बसविला. आजची शाहिरी कव्वालीचा ठेका घेते, बेंजो घेते, सिनेमाची चाल घेते, अलीकडची मुले तर रॅप घेतात. नाक मुरडणारे त्याला भेसळ म्हणतात. पण ही भेसळ कोणा एका समूहाने, विशिष्ट इतिहासातून, विशिष्ट हेतूने केलेली आहे आणि ती दुसऱ्या कोणाची नाही. २०१२ च्या निकालाच्या कसोटीला जलसा पूर्णपणे उतरतो, असा माझा दावा आहे. ‘पारंपरिक नाही’ म्हणून भीमगीते गाळणाऱ्यांना कायद्याचाही आधार राहिलेला नाही.

अस्सलपणाची परीक्षा सरकारने घ्यावी हे आपल्याकडेही नवे नाही. आदिवासी मुलाला शिक्षणात वा नोकरीत आपला हक्क घ्यावयाचा असेल तर पडताळणी समितीपुढे उभे राहून जमातीचे देव, लग्नाचे विधी, नाच, गाणी सांगावी लागतात. ‘ॲफिनिटी टेस्ट’ म्हणतात तिला. शहरात वाढलेल्या, बाप कारखान्यात असलेल्या पोराला जमातीचा नाच सांगता आला नाही की त्याच्या आदिवासी असण्यावरच शंका! २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील प्रकरणांवर निर्णय देताना ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे म्हटले. शिकलेला, पुढे गेलेला, बदललेला माणूस हा त्याच्या समाजाचा कमी अस्सल माणूस आहे, या समजुतीला तेवढाच एक तडा गेला. ‘पी-३’ चा तज्ज्ञ आणि पडताळणीचा तज्ज्ञ हे एकाच कुळातील आहेत. माणसाने जेथे ठेवले तेथेच राहिलेले दोघांनाही आवडते.

दुसरी एक अट अशी आहे की तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. ‘पी’ व्हिसाच्या व्याख्येतच असे म्हटले आहे की या कलावंताचे परदेशात घर असले पाहिजे आणि ते सोडण्याचा त्याचा विचार नसला पाहिजे. ‘ओ-१’ च्या व्याख्येत ही अट नाही. असाधारण माणसाला घर दाखवावे लागत नाही. लोककलावंताला दाखवावे लागते. आता मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील त्या खिडकीपुढे उभा राहिलेला फडातला ढोलकीवाला घर म्हणून काय दाखविणार? दसऱ्यापासून पुढचे सात-आठ महिने त्याचे घर म्हणजे ट्रकची फळी. जमीन नाही, बँकेत शिल्लक नाही, पगाराचा कागद नाही. असलाच तर फडमालकाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब आहे. त्याच्या कलेला अनन्य म्हणावयाचे, ती दारिद्र्यात टिकली म्हणून तिचे कौतुक करावयाचे आणि ते दारिद्र्यच त्याच्या परत येण्याविषयी संशयाचे कारण मानावयाचे, अशी ही युक्ती आहे. पथकात खोटे कलावंत घुसवून परदेशी सोडून येण्याचा धंदा पंजाबात ‘कबूतरबाजी’ या नावाने चालला, हे खरे. त्याची शिक्षा मात्र खऱ्या ढोलकीवाल्याने भोगावी, हा न्याय नव्हे.

खेळाडूंविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे प्रश्न कमी गुंतागुंतीचा आहे. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळाडूला ‘पी-१’ खाली एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. ‘पी-३’ च्या कलावंताला कार्यक्रमापुरते, फार तर एक वर्ष. बेसबॉलच्या दुय्यम संघांतील पोरे २००६ पर्यंत हंगामी मजुरांच्या व्हिसावर येत असत. त्या वर्षाअखेरच्या दुरुस्तीने त्यांना खेळाडू म्हणून मान्यता मिळाली. ज्याच्या अंगावर पैसा लागलेला आहे, त्याची व्याख्या बदलावयास वेळ लागत नाही. खेळाचे एक बरे असते की त्यात आकडा बोलतो. चांभार समाजाच्या पाळवणकर बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. ते खोडून काढण्याची सोय कोणाकडे नव्हती. पण दौऱ्याचे कर्णधारपद पतियाळाच्या महाराजांकडेच होते, हेही विसरता येत नाही.

कागदावरचा ‘कलावंत’ हा शब्द बाईच्या वाट्याला येतो तेव्हा काय होते, हे जपानने दाखविले. तेथील रंजनकार-व्हिसावर २००४ साली फिलिपाइन्समधून ८० हजारांहून अधिक प्रवेश झाले, बहुतेक स्त्रियांचे. गाण्या-नाचण्याची परीक्षा घेऊन त्यांना कलावंत म्हणून प्रमाणपत्र त्यांच्याच सरकारने दिलेले होते. प्रत्यक्षात त्यांतील पुष्कळजणींना बारमध्ये गिऱ्हाइकांच्या शेजारी बसविले जाई आणि काहींवर त्याहून भयंकर प्रसंग ओढवले. जगभर टीका झाली. २००५ मध्ये जपानने ते सरकारी प्रमाणपत्र पुरेसे मानण्याचे बंद केले आणि संख्या झपाट्याने उतरली. त्या बायकांना कलावंत म्हटले तेव्हा त्यांच्या श्रमाला संरक्षण मिळाले नाही आणि कलावंत नाही म्हटले तेव्हा श्रमच गेला. आणि त्याच वर्षी, २००५ साली, महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले. तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट ठेवली. श्रीमंतांपुढचा नाच ती संस्कृती, इतरांपुढचा तो अनाचार. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली, पण आठ वर्षांत उद्ध्वस्त झालेल्या बायका, ज्यांत परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जातीजमातींच्या अनेकजणी होत्या, कोठे गेल्या याची दखल कोणी घेतली? लावणीला ‘महाराष्ट्राचे लेणे’ म्हणणारांपैकी फार थोडे तेव्हा बोलले. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांच्या संदर्भात आणि शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांच्या संदर्भात ‘अश्लील’ या शब्दामागची जात उघड केली आहे. व्हिसाच्या नियमांतील ‘अनन्य’ हा शब्द त्या ‘अश्लील’ची दुसरी बाजू आहे, असे मी त्याला जोडून म्हणेन. दोन्ही शब्द त्या बाईला काम करणारी बाई म्हणावयाचे टाळतात.

एका बाबतीत मात्र हा परका कायदा आपल्या फडमालकांपेक्षा बरा आहे, हे मान्य केले पाहिजे. अर्जासोबत त्या त्या क्षेत्रातील कामगार संघटनेचे मत घ्यावे लागते. ते केवळ सल्ल्यापुरते असते. तरीही कला हे काम आहे हे १८८५ साली नाकारलेले सत्य मागच्या दाराने आत आलेले आहे. कलावंताला मुदतीपूर्वी काढून टाकले तर परतीचा वाजवी खर्च यजमानावर पडतो. आपल्याकडे हंगामाच्या मध्यावर आजारी पडलेल्या नाचणारीला एस. टी. चे भाडे मिळाले तरी ते उचलीत धरले जाते. पण त्याच कायद्याने कलावंत ज्या यजमानाच्या अर्जावर आला त्याच्याच कामाला बांधलेला असतो. दुसऱ्याचे काम घ्यावयाचे तर नवा अर्ज. आणि एप्रिल २०२४ मध्ये ‘पी’ अर्जाची फी ४६० डॉलरवरून १,०१५ डॉलर झाली. लहान यजमान व धर्मादाय संस्था यांना ती ५१० ठेवली असली, तरी एका अर्जावर पंचवीसच नावे घालण्याची मर्यादा त्याच वेळी आली. शंभराच्या घरात माणसे असलेल्या फडाचे चार अर्ज. म्हणून बोलाविणारे फड बोलावीत नाहीत. एक गाणारी, एक ढोलकी, एक पेटी बोलावितात आणि त्याला तमाशा म्हणतात.

त्या पंचवीसांत ढोलकी मढविणारा नसतो, हे वेगळे सांगावयास नको. नियमांत कलावंतासोबत अत्यावश्यक साहाय्यकांना नेण्याची तरतूद आहे. पण तो साहाय्यक अतिकुशल असला पाहिजे आणि ते काम अमेरिकेतील कामगाराला सहज करता येण्याजोगे नसले पाहिजे. कातडे ओलवून, ताणून, शाई भरून स्वर जमविणाऱ्या माणसाइतके या वर्णनात चपखल बसणारे दुसरे कोण आहे? टी. एम. कृष्णा यांनी मृदंग घडविणाऱ्या दलित ख्रिस्ती कारागिरांवर २०२० साली ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे पुस्तक लिहिले. तेव्हा त्याच्या प्रकाशनासाठी दिलेले सभागृह कलाक्षेत्र या संस्थेने परत घेतले. मृदंग वाजविणाऱ्याचे नाव परदेशच्या फलकावर लागते. मृदंगाच्या तोंडावर ज्याचा हात फिरलेला असतो त्याची कला ‘अनन्य’ ठरविण्यासाठी कोणी तज्ज्ञाचे पत्र मागविल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

या नियतकालिकातून जलसे, मेळावे, लोककलांचे प्रयोग यांवर परीक्षणे येत असतात. बहुतेक परीक्षणांत आशयाची चर्चा असते, बांधिलकीची असते. आणि ‘अमुक शाहीर आणि संच’ एवढे लिहून बाकीची माणसे संपतात. परीक्षण लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी सूचना आहे की प्रयोगाची तारीख लिहा, गाव लिहा, प्रेक्षक किती होते ते लिहा, कोणते गाणे कोणी रचले ते विचारून लिहा. कोरस धरणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव छापा. हलगी कोणी शेकली आणि ढोलकी कोणी मढविली, त्याचेही छापा.